यकृतप्रांतीचा तट उतरला त्याची हकीकत

श्रीजठराग्नीस प्रथम वंदन, जो न मागता पेटतो आणि न सांगता निवतो; त्यामागे त्या प्रांतास वंदन, जो उजव्या बरगडीआड बसोन साऱ्या देहाचा संसार वाहतो आणि धन्यास आपले नावही कळू देत नाही. शके एकोणीसशे सेहेचाळीस, क्रोधीनाम संवत्सर, मार्गशीर्षमासी त्या यकृतप्रांती जे वर्तले ते येणेप्रमाणे.

प्रांत मोठा नामी. धनी जे भक्षील ते आतड्यांच्या बाजारपेठेतोन थोरल्या नदीने प्रांती यावे, तेथे निवडावे, साखर कोठारी घालावी, विष असेल ते मोडावे, पित्त गाळोन खाली रवाना करावे आणि मग निर्मळ पाणी हृदयाकडे जावे, ऐसा शिरस्ता. पेशी म्हणोन कष्टाळू घरे दाटीने वसली होती, आणि घरोघर विकर नामे कारागीर, कोणी तोडणारे, कोणी जोडणारे. उंबरा ओलांडणे त्यांस ठाऊक नाही. नदीच्या नाक्यावरी लखमोजी नाकेदार जन्मापासोन उभा. वावगे वाहत येईल ते उचलोन तोंडात टाकावे, हीच त्याची चौकी आणि हाच त्याचा फराळ. आणि नदी व घरे यांमधील अरुंद बोळीत गोंदजी कोठावळा राहत असे. त्याजपाशी पिवळ्या तेलाचे बुधले होते, ते पुसावे आणि झाकावे यापरते त्याने काही केले नाही. भित्रा इतका की झाकण वाजले तरी आपणच दचकावे.

ऐशात धन्याच्या भाच्याचे लग्न निघाले आणि धन्याचा कोट पोटावरी बसेना. मग कोण्या वैदूने काढा दिला की हा घ्यावा, पोट सपाट होईल. घरच्या मंडळींनी विचारिले, यात काय आहे, तो धनी बोलिले, "झाडपाला आहे. झाडपाल्याने कोणाचे काय बिघडते?" आणि वाटी तोंडास लाविली. तो काढा हिरवागार होवोन नदीने प्रांती आला, आणि कारागिरांनी शिरस्त्याप्रमाणे तोडावयास घेतला, तो तोडता तोडता आतोन मूळ काढ्याहून जहाल ऐसे विषाचे पिल्लू निघाले. मग घरे तडकली, भिंती बसल्या, आणि आतील विकर भांड्याकुंड्यांसुद्धा नदीत पडोन वाहत चालिले. इकडे बाहेर डॉक्टरांनी धन्याच्या दंडातोन रक्त काढिले आणि पाहतात तो ज्या कारागिरांनी घराबाहेर पडू नये ते भर रस्त्यात थव्याने दिसतात. डॉक्टर म्हणाले, "त्याअर्थी आत घरे पडली. काय घेत होता ते आज बंद." धन्याचे डोळे पिवळे जाहले होते, सबब वाद केला नाही, आणि बाटली मोरीत ओतिली.

गनीम तेथेच सरला. परंतु ही खबर प्रांती कोणी पोहोचविली नाही, आणि पुढील सारा अनर्थ येथोन जाहला. घरे पडताच लखमोजीने पहिली हाक दिली होती तीवरोन हाडांच्या पोकळीतील अस्थिगडाची फौज निघोन आली होती. पुढे कोवळे शिलेदार, पांढऱ्या रक्ताची पोरे. त्यांची रीत ऐसी की आपणच निखारा व्हावे, दिसेल तेथे पडावे आणि तेथेच विझावे. आणि मागोन सरदार सुभानजी, देह हत्तीचा, भूक त्याहून मोठी, गळ्यात शिंग. त्याने येताच शिंग फुंकिले, तो बोळीत गोंदजीने ऐकिले, आणि ज्याने आजवर माशी मारिली नव्हती त्याने तेल ओतोन टाकिले, बाह्या सारिल्या, हाती थापी घेतली, आणि दोर वळोवळोन पडल्या घरांभोवती तट घालो लागला. आरंभी ते बरेच जाहले. कलती घरे सावरली, फुटला बांध अडला, आणि लोक त्यास गोंदजीराव म्हणो लागिले. जन्मात कोणी राव म्हटले नव्हते, मग तो थांबतो कशास?

तट चढता पाहोन सुभानजीस वाटावे, पलीकडे गनीम भारी आहे, आणि त्याने शिंग फुंकावे. शिंग ऐकोन गोंदजीने आणिक एक थर चढवावा. आणि प्रत्येक शिंगासरशी नवी पोरे अस्थिगडाहून धावत यावी, गनीम न सापडला म्हणजे उभ्या घरांवरीच निखारे टाकावे आणि विझोन पडावे. ऐसे करता बोळी बुजल्या, घरांचे पाणी तुटले, नदी तटास अडोन माघारी बाजारपेठेकडे फुगो लागली. त्या प्रांतीचे नवल ऐसे की पडल्या घराशेजारील घर आपण होवोन दुणावते आणि रिकामी जागा भरोन काढिते. परंतु दुणावण्यास हातभर जागा तरी पाहिजे, आणि दोरांत आवळले घर कोठोन वाढेल? आणिक काही काळ ऐसेच जाते तर प्रांताचा धोंडा होता, आणि प्रांताचा धोंडा जाहला म्हणजे भाच्याची वरात राहिली बाजूस, धन्याचीच निघती.

सुभानजीच्या पाठीवरील गाठोड्यात, म्हणजे बासनात, कातरकरी विकरांचा एक मेळा असे, त्यांची मुख्य ठकूबाई. अंगाने सुतळीएवढी आणि जीभ तिच्या कात्रीहून धारेची. तिने सरदारास पुसिले की गनीम कोणी पाहिला. सुभानजी म्हणाला, पाहावयास कशास पाहिजे, तट काय उगाच चढतो? मग ती बोळीत गेली आणि गोंदजीस पुसिले, तट का चढवितोस? गोंदजी चिखलाने माखला, खाली न पाहता म्हणाला की सरदार शिंग फुंकतात, ते काय गंमत म्हणोन? ठकूबाई तेथेच एका दोरावरी बसली आणि पोट धरोन हासली, आणि दोघांस समोर बोलावोन म्हणाली, "तो बांधतो म्हणोन तुम्ही फुंकता आणि तुम्ही फुंकता म्हणोन तो बांधतो. मधला गनीम केव्हाच वाहोन समुद्रास गेला असेल. तुम्ही दोघे मिळोन प्रांत मारता आहा, आणि आव कसा, तर राखण्याचा."

सुभानजी रागें लाल जाहला आणि त्याने आज्ञा केली की बरे, कात्री काढ आणि तट उतरीव. ठकूबाई म्हणाली की मढी पडली आहेत तोवर आमची कात्री उघडत नाही, हा वाडवडिलांपासोनचा नेम. आधी आपली पोरे उचला. त्या मुलखी दहन नाही, दफन नाही. मेल्यास सरदाराने आपल्या पोटात घ्यावे, हाच अंत्यविधी. सुभानजी म्हणाला, "आम्ही मारणारे. उचलणे हे नाकेदाराचे काम." तेव्हा लखमोजी, जो कधी बोलत नसे, तो बोलिला, "जेवढी उचलवली तेवढी उचलली, सरदार. पोटात जागा राहिली नाही. आणि पोरे शेवटाशेवटास माझ्या हाकेने आली नव्हती. तुमच्या शिंगाने आली होती."

यावरी सुभानजी वाकला आणि पहिले पोर उचलिले. त्याच्या मुठीत विझला निखारा होता आणि तोंड घरांकडे होते. ते पोटात घेतले. मग दुसरे घेतले, मग त्यापुढील, आणि प्रत्येकाखाली पाहावे की गनीम दडला असेल, तो गनीम कोठेच नाही, सारी आपलीच पोरे, कितीकांस मिसरूड फुटले नव्हते. घेता घेता त्याचा वर्ण निवला, आवाज खाली आला. मध्ये एकदा सवयीने शिंग तोंडास लाविले, तो फुंकर निघाली, नाद निघेना. मग शिंग काढोन नदीत सोडिले, आणि तटापाशी जावोन म्हणाला, "गोंदजी, थापी खाली ठेव."

गोंदजी म्हणाला, "आणि पुन्हा कोणी आले तर?"

"मी आहे."

"मला तुमचेच भय वाटत होते, सरदार."

हे ऐकोन सुभानजी मातीत मांडी घालोन त्याजजवळ बसला, आणि दोघांच्या मध्ये ती थापी पडोन राहिली. ठकूबाईने मग पुसिलेही नाही. बासन सोडिले, कात्र्या उघडल्या, आणि तिचा मेळा तटावरी मुंग्यांप्रमाणे पसरला. एकेक दोर, दोराचा एकेक पीळ, पिळाचा एकेक धागा कापीत चालिले. बोळी मोकळ्या जाहल्या, नदी सरळ वाहिली, आणि उभी घरे अंग मोकळे करोन दुणावो लागली, ऐसी की जुन्या रहिवाशासही आपली आळी ओळखू येऊ नये. एका कोपऱ्यात जुना पीळ इतका बसला होता की कात्री चालेना. मेळ्यातील एक जण हट्टास पेटला, तो ठकूबाई म्हणाली, "राहू दे तेवढा. गोंदजीस एकदा कोणी राव म्हटले होते." गोंदजीने बुधले पुन्हा तेलाने भरिले. सुभानजी अस्थिगडास माघारा गेला नाही. लखमोजीच्या शेजारी नाक्यावरी उभा राहिला, आणि वावगे येईल ते मुकाट्याने खाऊ लागला.

डॉक्टरांनी पुन्हा रक्त पाहिले, तो रस्त्यात कारागीर दिसेनात, सारे आपापल्या घरी. धनी भाच्याच्या लग्नास गेले. कोटाची खालील दोन बटणे लागली नाहीत ती उपरण्याखाली झाकिली, आणि मांडवात सांगो लागले की आमची प्रकृती मूळचीच लोखंडी, आम्हांस काय होणार. कोणी पाहुण्याने पोटासाठी एक नामी काढा आहे म्हणोन बाटली पुढे केली, तो लोखंडी प्रकृती दोन पावले मागे सरली. इतक्यात वरात निघाली आणि ताशा कडाडला, त्याचा हादरा बरगडीआड पोहोचला, आणि बोळीत गोंदजी तेल सांडता सांडता उठला. ठकूबाईने बासनातोन डोके काढिले आणि म्हणाली, "ताशा आहे रे, वरातीचा. बुधले सांभाळ." गोंदजी खाली बसला, झाकण घट्ट केले. थापी मात्र आत नेली नाही, उंबऱ्याशीच ठेविली.

एकूण तात्पर्य हे की काढा धन्याने घेतला, घरे विषाने पाडिली, आणि प्रांत मरणास लागला तो राखणाऱ्यांच्या भयाने. तो वाचला जेव्हा सरदाराने आपली पोरे उचलिली. तट उतरला, नदी वाहती जाहली. जे वर्तले ते लिहिले. ज्यास खोटे वाटेल त्याने उजव्या बरगडीवरी हात ठेवोन खोटे म्हणावे. लेखनसीमा.