दह्याची शेड

"वाटीतलं दही कुणी खाल्लं?"

बायकोचा आवाज स्वयंपाकघरातून आला तेव्हा शेडमास्तर खुर्चीत पाय वर घेऊन, तोंडासमोर पेपर धरून बसले होते. रविवारचे दहा वाजायला आले तरी अंगात रात्रीचेच कपडे. आई घरात असती तर हे शक्यच नव्हतं.

"मी खाल्लं. साखर घालून. का गं?"

थोड्या वेळाने डोक्याला पंचा गुंडाळलेली बायको दारात येऊन उभी राहिली. ती दवाखान्यात नर्स होती. रक्त बघून तिने कधी डोळा मिटला नव्हता, पण आत्ता तिचा चेहरा पार उतरला होता.

"अहो, ते विरजण होतं."

"मग मोठ्या भांड्यात आहे की अजून."

"ते मी केसांना लावलं. वाटीत ठेवलंय म्हणून!"

शेडमास्तरांनी पेपर खाली ठेवला. त्यांची नजर हळूहळू पंच्याकडे गेली.

"त्यात थोडंसं जरी..."

"धुतले केस! आणि अंडं होतं त्यात. असले विचार मनात आणू नका."

म्हणजे दोघांनीही काळजीच घेतली होती. भांडं आहे म्हणून एकाने वाटी संपवली, वाटी आहे म्हणून दुसरीने भांडं. इतक्या समजूतदारपणे घर बुडवणारी जोडी विरळाच.

कारण ते साधं दही नव्हतं. आईने लग्नात माहेरून आणलेलं विरजण होतं ते. रोज रात्री त्यातलं चमचाभर बाजूला काढायचं, दुधाला लावायचं, मगच बाकीच्याला हात लावायचा. त्याच्यापायी आई इतक्या वर्षांत एक रात्र घराबाहेर राहिली नव्हती. या वेळी तिच्या धाकट्या बहिणीने फारच आग्रह केला, तेव्हा ती दोन दिवसांसाठी गेली होती आणि जाताना म्हणाली होती, "बघते तुम्हाला जमतं का. दही नीट राहिलं, तर पुढचा महिनाभर मावशीकडेच राहीन म्हणते."

महिनाभर! नवराबायकोने त्या महिन्याची स्वप्नं अंथरुणात पडल्या पडल्या कुजबुजत पाहिली होती. उशिरा उठायचं, बाहेर जेवायचं, कुठे चाललोय हे कुणालाही न सांगता दार ओढून घ्यायचं. आईवर त्यांचा जीव होता, त्यात खोट नाही. पण त्या महिन्यावरही होता. आणि आई संध्याकाळच्या गाडीने परत येणार होती.

"दही लागायला पाच-सहा तास तरी हवेत," बायको म्हणाली. "दुपारच्या आत विरजण मिळायला हवं, आणि तेही तसंच."

"जुळवू," शेडमास्तर म्हणाले. हा त्यांच्या हातचा मळ होता. रंगाच्या कारखान्यात ते शेड जुळवत. गिऱ्हाइकाने जुन्या भिंतीचा टवका आणून दिला की हे तंतोतंत तोच रंग बनवून देत. नाव पडलं ते त्यामुळेच. फरक इतकाच, की इथला टवका त्यांनी स्वतःच साखर घालून खाल्ला होता.

आज बाजारात रमतगमत फिरायचं आणि मग हॉटेलात जेवायचं ठरलं होतं. त्याऐवजी दोघं भाजीच्या ढिगांमधून धावत सुटली. बायकोने पिशवीत दवाखान्यातल्या तपासणीच्या नव्याकोऱ्या बाटल्या घेतल्या होत्या. पहिल्या दूधवाल्याकडचं दही शेडमास्तरांनी चमच्यात घेतलं आणि उन्हात धरलं.

"पिवळट झाक आहे."

"चव बघा आधी!"

"बघतो. पण झाक आहे." त्यांनी चमचा तिरका केला. "आणि चकाकी जास्त आहे. आपल्याला मॅट हवं."

दूधवाल्याने मान वाकडी करून चमच्याकडे पाहिलं. तो म्हणाला, "साहेब, दही भिंतीला लावायचंय का?"

बायकोने चाटून पाहिलं. घट्टपणा बरोबर, आंबटपणा कमी. बाटलीत भरून झाकणावर 'एक' लिहिलं. पुढच्या दुकानातलं दही आंबट होतं, पण पाणचट. त्याच्या पुढच्या दुकानात दही संपलं होतं, आणि बायकोला तिथेच रडू फुटलं.

"सांगून टाकू या आईंना खरं."

"वेडी आहेस का? परत कधी शेजारी जायचीसुद्धा नाही ती."

उन्हं चढली होती आणि हॉटेलात टेबल राखून ठेवलेलं होतं. जाऊन बसावं, तिथेही दही असेलच, असा विचार करून दोघं आत शिरली. वेटर आला.

"दही आणा," शेडमास्तर म्हणाले.

"आणि जेवायला?"

"आधी दही."

दही आलं. दोघांनी ते जिभेवर ठेवलं आणि एकमेकांकडे पाहिलं. मागे रेंगाळणारा तो शेवटचा आंबटपणा, जो बाजारात कुठेच सापडला नव्हता, तो इथे होता. बायकोने पिशवीतून बाटली काढली, टेबलावर ठेवली आणि सराईत हाताने चमच्याने ती भरायला घेतली. झाकणावर तारीखही घातली. सवयच तशी.

वेटर पळतच आत गेला आणि मॅनेजर धावत बाहेर आला. बाटली पाहून त्याच्या कपाळावर घाम जमला.

"साहेब, मॅडम, आधी कळवलं असतंत तर... जेवण काय घेणार? आमच्याकडून."

"हे दही कुठून आणता?" शेडमास्तरांनी विचारलं. त्यांना फक्त विचारायचं होतं. पण ताणामुळे आवाज भलताच कडक लागला.

मॅनेजर वाकून कुजबुजला. "खरं सांगतो. ते आमच्या किचनमधलं नाही. कुकची बायको घरी लावते. पण भांडी स्वच्छ असतात हो! पुन्हा नाही आणणार. एवढी एक वेळ सोडा."

"अहो नाही, बंद करू नका! आम्हाला आवडलंय ते!" बायको ओरडली.

मॅनेजरला हा टोमणा वाटला. त्याने पाच-सहा पदार्थ टेबलावर मांडले आणि हात जोडून उभा राहिला. इतके दिवस ज्या जेवणाची वाट पाहिली, ते दोघांनी घड्याळाकडे बघत गिळलं. आम्ही तपासनीस नाही, असं शेडमास्तरांनी निघताना तीनदा सांगितलं. पैसे जबरदस्तीने टेबलावर ठेवले, तेव्हा तर मॅनेजरची खात्रीच पटली.

घरी आल्या आल्या बायकोने दूध कोमट केलं. शेडमास्तरांनी बाटल्या ओळीने मांडल्या आणि थेंब थेंब मिसळत, चाखत, डोळे मिटत काम सुरू केलं. एकातला घट्टपणा, दुसऱ्यातली धार, हॉटेलातला तो शेवटचा आंबटपणा. शेवटी बायकोने मान हलवली. भांडं गरम पाण्याच्या परातीत बसलं, वर दुलई आली. मग भाजी चिरणं, भात टाकणं, आणि दर थोड्या वेळाने दुलईचं टोक उचलणं.

"हलवू नका हो!"

"हलवत नाहीये. बघतोय."

"बघूही नका!"

दारावरची बेल वाजली तेव्हा दही नुकतंच लागलं होतं. आई आत आली ती थेट स्वयंपाकघरात. हातात फडक्यात बांधलेली बरणी होती.

"मला माहीतच होतं तुम्ही वाट लावणार," ती म्हणाली. "म्हणून मावशीकडून घेऊन आले. आमच्या आईचंच विरजण. दोघींनी लग्नात निम्मं निम्मं नेलं होतं."

शेडमास्तर ओट्याला टेकले. सगळी धावपळ, तो मॅनेजर, ते न चाखलेलं जेवण, सगळं फुकट. बायकोने दुलई बाजूला केली.

आईने बरणीतलं दही चाखलं. मग भांड्यातलं चाखलं. परत बरणीतलं.

"हे," भांड्यावर बोट ठेवून आई म्हणाली, आणि तिचे डोळे भरून आले. "हे माझ्या आईचं दही. इतकं चांगलं तर माझ्या हातूनही कधी लागलं नव्हतं. आणि धाकटीने बघा काय करून ठेवलंय!"

तिने तिथल्या तिथे फोन लावला. "अगं, एवढं एक सांभाळता आलं नाही तुला? आईची एकच तर आठवण होती! ... काय म्हणालीस? माझंच बिघडलंय? ... मग ऐक, पुढच्या महिन्यात काय, जन्मात तुझ्या दारात पाऊल टाकणार नाही!"

फोन बंद झाला. शेडमास्तरांच्या डोळ्यांसमोरून अख्खा महिना निघून गेला. त्यांना राहवलं नाही.

"आई, खरं सांगू? तुझं विरजण आम्ही संपवलं. हे दही बाजारातलं आहे. आणि हॉटेलातलं. मी मिसळलंय."

बायकोने डोळे मिटून घेतले. आईने लेकाकडे पाहिलं आणि खूप दिवसांनी ती मनापासून हसली.

"मावशीची बाजू राखायला खोटं बोलतोयस होय? मन मोठं आहे रे तुझं. पण बाजारात असं दही मिळतं, तर मी उभा जन्म घरात बसून काढला असता का?" तिने सुनेच्या पाठीवर हात ठेवला. "दोघांच्याही हाताला गुण आहे, मला उगाच शंका होती. पुढच्या महिन्यात आता मी इथेच आहे. दर रविवारी पहाटे उठवते तुम्हाला. लोणी, तूप, सगळं शिकवते."