सिंहाचे गळू आणि साळिंदरांची प्रार्थना

मुलांनो, एका जंगलात एक सिंह राज्य करीत होता. तिथे देव पुष्कळ होते आणि सिंहाचे कुठल्याच देवाशी वाकडे नव्हते. रीत एकच होती. सणाच्या दिवशी सिंहाच्या पंजाचा ठसा असलेल्या दगडावर प्रत्येकाने एक पान वाहायचे. मग घरी जाऊन हवे त्याला भजावे.

साळिंदरे मात्र पान वाहीनात. त्यांचा देव एकच, आणि तोही कुणाला न दिसणारा. बिळात बसून ती त्याची गाणी गात. एक पान वाहिल्याने काय बिघडते, असे शेजारीपाजारी समजावीत. पण साळिंदरांची मान काही वाकेना.

मग पाऊस पडला नाही की दोष साळिंदरांचा, आणि फार पडला तरी त्यांचाच. शेवटी सिंहाने त्यांची बिळे दगडांनी बुजवून टाकली. राहीआक्का नावाची म्हातारी साळिंदरीण तेव्हा बोरे वेचायला गेली होती. तिचा म्हातारा आत झोपला होता. तिने नखे तुटेपर्यंत उकरले, पण दगड हलला नाही. मुलांनो, याला कडक शासन म्हणतात.

पुढे सिंहाला गळू झाले. ते चिघळले, त्यात किडे पडले. वैद्य झाले, नवस झाले, जंगलातले सगळे देव करून झाले. एकच उरला होता.

तेव्हा सिंहाने तरसाकरवी दवंडी पिटवली. साळिंदरांचे चुकलेच होते, पण महाराज दयाळू आहेत. आता त्यांनी खुशाल जगावे, आपला देव भजावा. फक्त त्या देवाकडे महाराजांसाठी प्रार्थना करावी.

उरलीसुरली साळिंदरे जमली. प्रार्थना राहीआक्का सांगत असे. तिची सून म्हणाली, "आत्याबाई, मामंजींना जिवंत पुरलं त्यानं. त्याच्यासाठी हात जोडायचे?"

राहीआक्काला म्हाताऱ्याची फार आठवण आली. ती पोटभर रडली. मग तिने विचार केला. सिंह बरा झाला तर दया विसरेल. मेला तर दुसरा येईल, आणि त्याचा काय भरवसा? शिवाय देवापुढे खोटे बोलायची साळिंदरांना सवय नव्हती. तेवढ्यासाठीच तर एवढे सोसले होते.

तिने डोळे मिटले.

"देवा, राजाला उदंड आयुष्य दे. फक्त बरं करू नकोस."

सगळ्यांनी तिच्यामागून म्हटले. सुनेचा आवाज सर्वांत मोठा होता.

तात्पर्य : प्रजेला सुखाने नांदू द्यायला राजाचे काळीज मोठे असावे लागत नाही. गळू मोठे असले की पुरते.