गाडी आज गास्पार चालवणार

सोलांजने गाडीची किल्ली कॉफीच्या कपांमधून वाट काढत नवऱ्याच्या बशीपर्यंत सरकवली. दिजोंमधल्या हॉटेलात न्याहारी चालली होती आणि त्या सकाळी तिला साठ वर्षं पूर्ण झाली होती.

“घे,” ती म्हणाली. “काय भेट पाहिजे म्हणून महिनाभर डोकं खातोयस ना? ही.”

“अगं, ही तर आपलीच किल्ली.”

“स्कार्फ नको, कानातलं नको. आज गाडी तू चालवायची आणि वाइन मी प्यायची. बास.”

गास्पार लमोनिए हा फ्रान्सच्या उत्तरेकडच्या आरास गावचा चष्मेवाला. गेली तीस वर्षं दर सप्टेंबरात हे जोडपं आमच्या बुर्गोन्यच्या द्राक्षमळ्यांतून हिंडायला येतं. गास्पार एकेका तळघरात उतरून मनसोक्त पितो. सोलांज घोट नुसता तोंडात घोळवते आणि बादलीत थुंकून टाकते, कारण कुणीतरी शुद्धीवर राहून गाडी चालवायला हवी. घरी नेलेल्या बाटल्या तरी तिच्या वाट्याला याव्यात, तर त्यांची म्हणे अजून मुरून उघडायची वेळ आलेली नसते. आमच्याकडे वाइन चाखून थुंकण्यात कमीपणा नाही, जाणकार लोक थुंकतातच. पण तीस वर्षं थुंकायचं म्हणजे जरा जास्तच झालं.

“एवढंच ना?” गास्पार म्हणाला. “मी थुंकेन. थुंकायला काय अक्कल लागते?”

निघाले. अरुंद रस्त्यावर द्राक्षं भरलेला ट्रॅक्टर पुढे लागला आणि गास्पार मुंगीच्या पावलाने त्याच्यामागे जाऊ लागला. पण जीभ मोकळी होती. “ती बघ, ती उतरणीवरची वेल! तिथली माती वेगळी, वाइन अशी निघते, अशी...” आणि ती कशी निघते हे दाखवायला दोन्ही हात वर गेले.

“हात खाली! चाक धर!” सोलांज ओरडली. मग खिडकीबाहेर बघून तिचा आवाज एकदम मऊ झाला. “अरे, त्या टेकडीवर चर्च आहे?”

“पहिल्यापासून आहे.”

“मला कुठे दिसलंय? मी या रस्त्याची फक्त पांढरी रेघ पाहिलीय.”

 गास्पारने आपणहून गाडी आणखी हळू केली, तशी मागच्या तीन गाड्यांनी हॉर्न वाजवले.

पहिलं तळघर फिर्मांचं. फिर्मां हा अबोल माणूस. त्याने दोघांच्या ग्लासांत थोडी थोडी लाल वाइन ओतली. गास्पारने ती तोंडात घेतली, डोळे मिटले, गाल फुगवले आणि बादलीच्या दिशेने जोरात फुंकली. बादली कोरडीच राहिली. शेजारी फिर्मांचा म्हातारा पांढरा कुत्रा झोपला होता, तो जांभळा होऊन उठला.

“अरे देवा! माफ करा, मोस्यू फिर्मां!”

“असू दे,” फिर्मां कुत्र्याकडे बघत म्हणाला. “तोडणीच्या दिवसांत आम्ही सगळेच असे दिसतो. दात जवळ ठेवा, ओठ आवळा. आणि फुंकू नका हो, ही काय केकवरची मेणबत्ती आहे?”

दुसऱ्या खेपेला वाइन गास्पारच्या शर्टावर आली. तिसऱ्या खेपेला नाकात. बाहेर पडल्यावर तो म्हणाला, “पुढच्या ठिकाणी मी चाखतच नाही. नुसता वास घेईन.”

“बघू,” सोलांज म्हणाली.

पुढचं ठिकाण होतं आमच्या गावातल्या मादाम बेर्तीलचं, आणि तिथे नुसता वास घेऊन सुटलेला माणूस अजून जन्माला यायचाय. मादाम बेर्तील म्हणजे मूठभर बाई. ऐंशी ओलांडली, तरी पिंपांच्या मधून मांजरासारख्या फिरतात. वडिलांनी लावलेल्या वेली त्यांनी एकटीने जगवल्या. गारपिटीने दोनदा मळा झोपवला, दोनदा उभा केला. त्यांची वाइन प्यायल्यावर माणूस दोन मिनिटं तरी शहाण्यासारखा वागतो, असं मी स्वतः पाहिलंय.

वाढदिवस आहे हे कळताच त्यांनी कोपऱ्यातली धुळीने माखलेली बाटली काढली. आता अशा बाटलीचा कुणी नुसता वास घेतो का? गास्पारने घोट घेतला आणि तोंड गच्च मिटून बादलीकडे निघाला. अर्ध्या वाटेत मादाम बेर्तीलनी त्याची बाही धरली.

“कशी वाटली?”

तोंडात वाइन. समोर ऐंशी वर्षांच्या बाईचे डोळे. उत्तर न देता थुंकावं तर अपमान, आणि उत्तर द्यावं तर तोंड रिकामं पाहिजे. गास्पारने गिळली.

“मादाम, मखमल आहे हो ही!”

आमच्याकडे वाइनची तारीफ केली की ग्लास भरतात. तो भरला. भरलेल्या ग्लासातली वाइन पहिलीपेक्षा सुरेख होती. तसं न सांगणं गास्पारच्या स्वभावात नव्हतं. त्याने सांगितलं. पुन्हा भरला. भीड भिकेची बहीण म्हणतात, पण गास्पारची नुसती भीड नव्हती, त्याला मनापासून आवडत होतं आणि आवडलेलं पोटात ठेवता येत नव्हतं. घोट मात्र राहत होते. थोड्या वेळाने तो एका लाकडी पिंपाला मिठी मारून “तू कुणाच्या जंगलातला ओक रे बाबा?” असं विचारत असताना चर्चची बाराची घंटा झाली.

गास्पारचा चेहरा उतरला. जवळच्या बोन गावातल्या खाणावळीत साडेबाराला टेबल राखून ठेवलं होतं. सोलांजच्या आवडीची, रानातल्या अळंब्यांची कोंबडी आधीच सांगून ठेवली होती. दीडला स्वयंपाकघर बंद. आमच्या देशाने राजाचं मुंडकं उडवलं, पण दीडला बंद झालेलं स्वयंपाकघर पुन्हा उघडायला लावणारा वीर अजून झालेला नाही.

“सोलांज, मी गिळली गं,” तो रडकुंडीला येऊन म्हणाला. “सगळी गिळली. मला गाडी चालवता येणार नाही. तू?”

सोलांजने हातातल्या रिकाम्या ग्लासाकडे पाहिलं. “आज वाढदिवस माझा आहे,” ती म्हणाली.

“हो, हो. तू प्यायलीस, बरोबरच केलंस. एक गोष्ट मागितली होतीस गं, एक! तीसुद्धा मी नासवली.”

त्याने टॅक्सीवाल्याला फोन लावला. टॅक्सीवाला आमच्याच गावच्या मळ्यात द्राक्षं तोडत होता, त्याने फोन उचलून तसं सांगितलं आणि पुन्हा कात्री चालवायला लागला. येत नाही म्हणून कळवल्यावर खाणावळवाल्याने फोनवर फक्त “बरं” म्हटलं, आणि ते “बरं” कानफटात मारल्यासारखं होतं.

तेवढ्यात फाटकातून हॉर्न वाजवत तोडणीची शेवटची गाडी आली, फुलांनी आणि फांद्यांनी मढवलेली. वर मजूर गात होते. शेवटच्या गाडीनंतर मालकाने सगळ्यांना जेवू घालायचं ही इथली रीत.

“रडताय काय असे?” मादाम बेर्तीलनी गास्पारला दटावलं. “जेवण काय बोनलाच शिजतं? बसा अंगणात! वाढदिवसाची बाई मधोमध बसेल.”

लाल वाइनमध्ये शिजवलेली अंडी आली, चीजचे गरम फुगीर गोळे आले, परातभर कोंबडी आली. चिकट हातांच्या माणसांनी सोलांजच्या केसांत गाडीवरची डेलियाची फुलं खोवली आणि हात हलवत तिच्यासाठी गाणं म्हटलं. गास्पार मात्र अन्न चिवडत बसला होता.

“खा की!” मादाम बेर्तील म्हणाल्या. “आणि बायकोकडून थुंकायला शिका जरा. काय सुरेख थुंकते! सुतासारखी धार, फरशीवर टिपूस नाही. एक घोट गिळला नाही तिने इथे आल्यापासून.”

गास्पारच्या हातातला काटा ताटात पडला.

“नाही गिळला? सोलांज, म्हणजे तू गाडी चालवू शकत होतीस?”

“शकत होते.”

“आपण बोनला वेळेत पोचलो असतो!”

“असतो.”

“मग थुंकलीस कशाला? आणि बोलली का नाहीस?”

“थुंकले सवयीने. अरे, ग्लास हातात आला की पाय आपोआप बादलीकडे वळतात माझे. तिसऱ्या ग्लासाला लक्षात आलं, तोवर तू पिंपाशी बोलायला लागला होतास.” सोलांजने पावाच्या तुकड्याने ताटातला रस्सा टिपला. “आणि बोलले असते, तर किल्ली पुन्हा माझ्याच हातात आली असती. आज माझा नंबर नाही.”

“मग हॉटेलवर परत कसं जायचं?”

“उद्या जायचं. मादामनी वरची खोली दिलीय. मी मघाशीच विचारून ठेवलं.”

गास्पार तिच्याकडे वळला. चाळीस वर्षं लोकांच्या डोळ्यांवर चष्मे चढवणाऱ्या त्या माणसाला आपली बायको इतकी स्पष्ट कधी दिसली नव्हती. त्याने स्वतः उठून त्या धुळकट बाटलीतली उरलेली वाइन तिच्या ग्लासात ओतली, स्वतःला थेंबही न ठेवता.

सोलांजने घोट घेतला. तोंडात घोळवला. टेबलाजवळ बादली नव्हती. तिने डोळे मिटले आणि गिळला. टेबलावरचे सगळे थांबले होते.

“गास्पार,” शेवटी ती म्हणाली, “तीस वर्षं मला वाटायचं, तू उगीच वाढवून सांगतोस. तू कमीच सांगत होतास रे.”