साहेबांचं शास्त्रशुद्ध पाणी

पाणी कसं प्यावं, हे या शहरात फक्त मला कळतं! बाकीचे नुसती तहान भागवतात.

हसू नका. मी महिनाभर त्याचा अभ्यास केला होता. आमचे विभागप्रमुख निवृत्त होत होते. त्यांची गादीची, गोल फिरणारी, खिडकीजवळची खुर्ची रिकामी होणार होती आणि ती कुणाला द्यायची ते साहेब ठरवणार होते. त्यात साहेबांना लांब पल्ल्याच्या शर्यतींचं वेड लागलेलं!

साहेब धावायला लागल्यापासून अख्खं ऑफिस तहानलं होतं. टेबलावर फायली कमी, बाटल्या जास्त. स्वच्छतागृहात लघवीच्या रंगांचा तक्ता लागला: रंग फिका, तर पाणी पुरेसं. सोमवारची मीटिंग त्यावरूनच सुरू व्हायची.

"काय मंडळी, आज कुठला रंग?"

"फिका पिवळा, साहेब!" आम्ही सगळे एका सुरात. शाळेतली प्रार्थनाही आम्ही इतक्या भक्तीने म्हटली नसेल.

फक्त एकजण एकदा म्हणाला होता, "बघितला नाही, साहेब." हा माझ्या शेजारच्या टेबलावरचा. सगळे त्याला सुस्तोबा म्हणतात. खुर्चीसाठी माझ्यासमोर उभा होता तो हाच. म्हणजे उभा कसला, बसूनच होता.

साहेबांनी पन्नास किलोमीटरच्या उन्हाळी शर्यतीत नाव घातलं. धावणाऱ्याला वाटेत आपल्या माणसाचं एक टेबल मांडायची मुभा होती. मी हात वर केला. इतक्या जोरात, की खांदा लचकला.

"साहेब, पाण्याची काळजी माझ्यावर सोडा!"

"सोडली," साहेब म्हणाले. "मी बरोबर थेंबभरही घेणार नाही. ओझं नको. सगळी मदार तुमच्यावर. बघू या तुम्हाला जबाबदारी किती पेलते." आणि त्यांनी डोळ्याच्या कोपऱ्यातून त्या खुर्चीकडे पाहिलं. मी मनातल्या मनात तिच्यात बसून एक गिरकीही घेतली!

आदल्या संध्याकाळी मी मीठ तोललं, साखर तोलली, बाटल्या भरल्या आणि ओळीने डीप फ्रीजरमध्ये निजवल्या. लेकरांना निजवावं तशा.

"अहो, रात्रभर ठेवणार? दगड होतील," बायको म्हणाली.

"तुला शास्त्र कळत नाही. थंडगार पाणी पोटात गेलं की अंगातली आग उतरते."

"मग बर्फाची लादीच बांधा की साहेबांच्या पाठीला!"

मी लक्ष दिलं नाही. मोठ्या कामाला निघालेल्या माणसाला घरातून असंच बोलणं ऐकावं लागतं.

रविवारी एका गाड्या धुण्याच्या दुकानासमोर मी आणि बायकोने टेबल मांडलं. ऊन असं, की झाडाची सावलीसुद्धा खोडाला चिकटून बसली होती. डांबर मऊ, वारा गप्प. बाटल्या मी ओल्या कागदात गुंडाळून थर्माकोलच्या पेटीत आणल्या होत्या. पेटी उत्तम निघाली. घात तिथेच झाला!

लांबून साहेब दिसले. चेहरा भाजक्या विटेसारखा, ओठ वाळल्या सालीसारखे, चाल अशी की डावा पाय उजव्या पायाला ओळखत नाही.

"पा... पाणी!"

मी झोकात झाकण उघडलं आणि बाटली पुढे केली. साहेबांनी तोंडाला लावली. आतून आवाज आला, टक्क!

साहेबांनी बाटली उलटी केली. हलवली. मग सगळी प्रतिष्ठा विसरून तान्ह्या बाळासारखे ती चोखायला लागले! दोन थेंब आले आणि साहेबांचे डोळे बाहेर आले.

"थू! हे काय पाजताय?"

गोठलेल्या पाण्यात मीठ-साखरेचा अर्क आधी वितळतो, हे मला पुढे कळलं. महिनाभराच्या अभ्यासात तेवढं एक पान राहून गेलं होतं.

"एक मिनिट, साहेब!" मी दुसरी बाटली काखेत धरली, तिसरी फूटपाथवर आपटली. फूटपाथचा टवका उडाला. बाटली शाबूत!

"अहो, द्या ना त्यांना हे!" बायकोने स्वतःसाठी आणलेली पाण्याची बाटली पुढे केली. साहेबांचा हात तिकडे गेला. मी तो अदबीने मागे सारला.

"साधं पाणी? साहेबांना? साहेब, नुसतं पाणी प्यायलात तर रक्तातलं मीठ पातळ होईल. जरा धीर धरा!"

"धीर?" साहेब म्हणाले. त्या एका शब्दात माझी पुढची सगळी नोकरी होती, पण मला तेव्हा ऐकूच आली नाही.

कारण मला दुसरी युक्ती सुचली होती. आतून जमत नाही, तर बाहेरून गार करू! दुकानासमोर लांबलचक काळा पाइप उन्हात वेटोळं घालून पडला होता. मी तो उचलला, साहेबांच्या डोक्यावर धरला आणि नळ सोडला.

"ओ काका, थांबा!" गाड्या धुणारा ओरडत धावला. "पाइपातलं पाणी सकाळपासून तापलंय!"

साहेबांच्या किंकाळीने झाडावरचे कावळे उडाले. साहेबही उडाले! ते थेट आमच्या टेबलावर उतरले. टेबल मोडलं, पेटी कलंडली आणि माझ्या सगळ्या शास्त्रशुद्ध विटा एकामागोमाग एक साहेबांच्या अंगठ्यावर पडल्या.

शर्यत संपली. साहेब फूटपाथवर पाय धरून बसले.

तेवढ्यात सुस्तोबा आला. पायात चपला, डोक्यावर छत्री, बागेत फिरायला आल्यासारखा.

"अरे वा! काय चाललंय?"

"भावजी, तुम्ही तरी द्या हो हे साहेबांना," बायको म्हणाली. "आमचे हे देऊ देत नाहीत!"

सुस्तोबाने बाटली घेतली. आधी स्वतः दोन घोट प्यायला! मग साहेबांना दिली आणि छत्री थोडी त्यांच्याकडे कलती केली.

कोरड्या आडात पहिली घागर उतरावी तसं ते पाणी साहेबांच्या घशातून उतरलं. गटक, गटक, गटक. साहेबांच्या डोळ्यांत पाणी उभं राहिलं. महिनाभर अभ्यास करूनही मी जे त्यांच्या पोटात घालू शकलो नाही, ते डोळ्यांत आलं!

"काय घातलंय यात?" त्यांनी विचारलं.

"काही नाही, साहेब."

"काही न घालण्याची अक्कल," साहेब माझ्याकडे बघत म्हणाले, "फार थोड्यांना असते!"

मी बायकोकडे बघितलं. ती कावळे मोजत होती.

सोमवारी नोटीस लागली. संकटसमयी शांत राहण्याच्या गुणाबद्दल खुर्ची सुस्तोबाला! रीत म्हणून मी अभिनंदन करायला गेलो. तो खुर्चीत गोल फिरत होता.

"बसा, बसा," त्याने जांभई दिली. "तुमचा अभ्यास वाया जाता कामा नये. उद्यापासून साहेबांची बाटली तुम्हीच भरत जा. साध्या पाण्याने."

भरतोय. काम नेटकं चाललंय, तक्रार नाही. फक्त ऑफिसातल्या फ्रीजला आता कुलूप असतं आणि त्याची किल्ली माझ्याशिवाय सगळ्यांकडे आहे.