जांभळी साथ

घनश्याम मास्तरांच्या घरी त्या दिवशी मुलगी पाहायला पाहुणे यायचे होते, आणि नेमके त्याच दिवशी मास्तरांनी अख्ख्या सातवीला रोगी करायचे ठरवले होते. यात त्यांचा दोष नव्हता. सिहोऱ्याकडच्या गावांत दिवाळी झाली की मंडई भरते. सगेसोयरे जत्रेला येतात, रात्री दंडारीचे नाटक पाहतात आणि मधल्या वेळात सोयरिकी जुळवतात. शाळा मात्र सकाळची होतीच. सकाळी रोग पसरवायचा आणि दुपारी व्याह्यांचे स्वागत करायचे, असा मास्तरांचा सरळ हिशेब होता.

धडा होता संसर्गजन्य आणि असंसर्गजन्य रोगांचा.

"खरूज कशी होते?"

"खाजवून, सर!"

"एकापासून दुसऱ्याला होते. म्हणून ती संसर्गजन्य. मधुमेह, म्हणजे साखरेचा रोग, तसा पसरत नाही."

"मंग तो कोनाले होते, सर?" टेकचंदने विचारले.

"बसून गोड खाणाऱ्याला."

"तं मंग तो चांगला रोग आहे, सर."

मास्तरांनी टेकचंदचे दोन्ही कान पिळले. हे कान पुढे महत्त्वाचे ठरणार आहेत. कारण मास्तरांच्या हाताला तेव्हा जांभळ्या औषधाची कोरडी भुकटी लागलेली होती. गुरांच्या दवाखान्यातल्या देवाजी कंपाउंडरने दिलेली ही भुकटी बैलांच्या खुरांवर लावतात. कोरडी असली तर चिमूटभर दिसतही नाही, ओल लागली की मात्र फुलते.

मास्तरांनी पहिल्या बाकाशी हात मिळवला, पहिल्याने दुसऱ्याशी, दुसऱ्याने तिसऱ्याशी.

"काही दिसून नाही राहिलं, सर!"

"जंतू तरी कुठे दिसतात? आता हात ओले करा."

बोरिंगवर एकच कल्लोळ उठला. सगळी सातवी मनगटापर्यंत जांभळी झाली होती. मास्तरांच्या पंधरा वर्षांच्या नोकरीत एखादा धडा एवढा कधी लागला नव्हता. "आता साबणाने धुवा," असे ते म्हणेपर्यंत मंडईचा डफ वाजला आणि साथ मंडईकडे पळाली.

मास्तरांनी स्वतः हात घासून धुतले, उन्हात वाळवले आणि ते निश्चिंत मनाने घरी आले. भुकटीची पुडी ज्या रुमालात बांधून आणली होती, तो रुमाल खिशातच होता. पाहुणे दारात दिसताच मास्तरांनी त्याच रुमालाने खुर्चीचे हात झटकून दिले.

त्या खुर्चीत दिघोरीचे वासुदेवराव बसले. शेजारी त्यांच्या पत्नी सुलोचनाबाई, आणि खांबाला टेकून मुलगा ईश्वर. ईश्वरला कोणी काही विचारत नव्हते आणि त्याचीही तक्रार नव्हती.

"यायले फिका च्या द्या जी," सुलोचनाबाई नवऱ्याकडे बोट दाखवत म्हणाल्या. "साखरेची बिमारी आहे. गोडाचा वासबी नोको."

"मी तं गोडाकडे पाहतबी नाई," वासुदेवराव करुण आवाजात म्हणाले. फिका चहा त्यांनी डोळे मिटून संपवला. मग म्हणाले, "जरासा मंडईत चक्कर मारून येतो."

ते गेले आणि शेजारची पंचफुला धावत आत आली.

"मास्तर, गावात बिमारी आली बापा! बांगडीवालीचे हात जांभळे, पाळण्यावाल्याचे जांभळे, आन् आमच्या टेकचंदचे तं दोन्ही कान!"

"कान?" सुलोचनाबाई चमकल्या. "कानाले कोनती बिमारी होते व?"

मास्तर काही बोलणार, तेवढ्यात वासुदेवराव धापा टाकत परत आले आणि जांभळी झालेली पाच बोटे त्यांनी सगळ्यांसमोर पसरली.

"सुलोचना, बंडी जुंपाले सांग! या गावची पोरगी आपल्याले नोको. साथ आहे साथ! मलेबी लागली!"

हे म्हणताना त्यांनी तोंड चांगले मोठे उघडले होते. जीभ वांग्यासारखी दिसत होती.

आता बोलणे भाग होते. मास्तरांनी भुकटी, सातवी आणि रुमाल यांची कबुली दिली. "घाबरू नका जी. दवाच आहे. कोरड्या हाताले दिसत नाही, ओलं काही लागलं तरच दिसते."

"मंग हे जिभीवर कशी गेली?" सुलोचनाबाईंनी विचारले.

"पान खाल्लं," वासुदेवराव म्हणाले.

"पानानं जीभ लाल होते जी."

पोह्यांच्या बशा घेऊन मास्तरांची मुलगी रुखमिणी उभी होती. सुलोचनाबाई तिच्याकडे वळल्या. "तू सांग व. मास्तरची पोरगी होय ना तू?"

आपण शिकवलेले सगळे ही आत्ताच्या आत्ता विसरून जावो, असे मास्तरांनी मनोमन मागितले.

"बोटं चिकट झाले असन," रुखमिणी हळूच म्हणाली. "मंग ते चाटले असन."

"चिकट कायनं?"

रुखमिणी वासुदेवरावांच्या मिशीकडे पाहू लागली. मग सगळेच पाहू लागले. मिशीच्या डाव्या टोकाकडून उजव्या टोकाकडे एक मुंगी जिलबीचा कण ओढत नेत होती. वाटेत तिला दुसरी मुंगी भेटली.

सोयरीक मोडली, अशी मास्तरांची खात्रीच झाली. पंचफुलाने तोंडात पदर कोंबला.

सुलोचनाबाईंनी नवऱ्याच्या मिशीवरच्या मुंग्या पदराने झटकल्या. मग म्हणाल्या, "सालभर यायची साखर चढून राहिली, आन् मी डाक्टरले शिव्या देऊन राहिली. मी वावरात गेली का घरात यायच्यावर ध्यान ठेवाले कोनी नाई. मास्तर, पोरगी पसंत आहे. आजच सुपारी फोडा."

खांबाजवळचा ईश्वर पहिल्यांदाच हसला. त्याला अजूनही कोणी काही विचारले नव्हते.

"मलेबी पसंत आहे," वासुदेवराव म्हणाले. जन्मठेप ऐकून माणूस 'हो' म्हणतो तसे.

सुपारी फुटली, साखर वाटली गेली. व्याह्यांना सुपारी तेवढी मिळाली.

दुसऱ्या दिवशी मास्तर तरंगतच वर्गात आले. टेकचंदने हात वर केला. कान अजून तसेच होते.

"सर, साखरेचा रोग संसर्गानं पसरत नाई ना?"

"पसरत नाही," मास्तर म्हणाले. थोडा विचार करून त्यांनी भर घातली, "सापडतो मात्र संसर्गानेच."

"मंग सर, तुमच्या व्याह्यायले..."

मास्तरांचा हात सवयीने त्याच्या कानाकडे गेला. टेकचंद दोन बाक मागे सरकला.

"सर," तो म्हणाला, "पयले हात धुवा."