न पुढं प, ळ पुढं क्ष!

सांगून ठेवतो बाप्पा, अख्ख्या लोहाऱ्यात माह्यापेक्षा हुशार बुढी तुमाले सापडनार नाही! आजवर मी लय नवल पाह्यलं. दोन तोंडाचं वासरू पाह्यलं, कापसाच्या गंजीवर झोपलेलं अस्वल पाह्यलं. खोटं वाटत असन त राळेगावले जाऊन इचारा, अस्वल अजून खोकलते! पन अक्षराइची जादू मले दाखवली माह्या नातीनं.

अर्पिता तलाठी भरतीचा अभ्यास करून राह्यली. एक दिवस एकटीच पुटपुटत होती.

"काय मंतर मारून राह्यली वं?"

"सांकेतिक भाषा हाय आजी, बुद्धिमत्तेच्या पेपरात येते. अक्षर काढाचं अन् त्याच्या जागी रांगेतलं पुढचं ठेवाचं. काना-मात्रा तशीच. पाह्य, 'माय' घे. म पुढं य, य पुढं र. झाला 'यार'!"

मी थक्क! इतके साल मायच्या पोटात यार लपून बसला, अन् कोनाले पत्ता नाही! 'काम'चं झालं 'खाय'. 'भाजी'ची झाली 'माझी'. मंग मी भीत भीत 'सून' काढून पाह्यली. स पुढं ह, न पुढं प... हूप! अंगावर काटाच आला! ज्या महापुरुषानं ही अक्षरं रांगेत बसवली, त्यानं आमची रजनी कुठी पाह्यली असन?

रजनी म्हनजे माही सून. माहेर मारेगावचं. दुसऱ्या दिवशी तिचे मायबाप मुक्कामाले येनार होते. मागच्या खेपेले विहीनबाईले अर्ध्या बकेटीत आंघोळ करा लागली, थे गोष्ट थिनं मारेगावच्या हरेक हळदी-कुंकवात सांगतली. या खेपेले टाकी भरली नाही त माह्या नाकाचं काही खरं नव्हतं!

अन् आमच्या गल्लीतला नळ आठवड्यातून एकदा येते. कवा येते थे त्यालेच ठाऊक. ज्याची मोटर आधी सुरू झाली, त्याची टाकी भरली. मी ओट्यावर नळापाशी बसाचं, अर्पितानं घरात बटनापाशी. पन "नळ आला" असं वरडलं का सारी गल्ली मोटर लावते! मंग माह्या डोक्यात इज चमकली.

"अर्पे, 'नय' काढला त काय होते वं?"

"नय नाही आजी, नळ! तोंडानं काही बी म्हन, पेपरात ळ धरा लागते. न पुढं प. ळ पुढं क्ष. पक्ष!"

बस! मी वरडाचं "पक्ष आला", थिनं बटन दाबाचं. कोनाच्या बापाले समजनार नाही!

एकच गोष्ट ध्यानात आली नाही. निवडनूक तोंडावर होती.

दुपारी नळ गुरगुरला अन् धार पडली, मनगटावानी जाड! मी बोंबलली, "अर्पिता वं! पक्ष आला!"

अर्पिता कानात थे बोंडं खुपसून लेक्चर ऐकून राह्यली.

"पक्ष आला वं! पक्ष!"

समोरच्या विमलताईनं दारातून मुंडकं काढलं. "कोनता पक्ष, मैनाबाई?"

"मोठा पक्ष!"

"कुठी हाय?"

"नाक्यावर! जीपा हायेत, बँड हाय... उंट बी हाय!" काय करू? तोंड एकदा सुटलं का माह्या हातात राहत नाही.

विमलताईनं पदर खोचला. "येऊच दे! इथं घागर कोरडी, अन् हे मत मागाले उंट घेऊन येतेत! भुरीबाई, चला वं साऱ्या! रिकामे हंडे घ्या! आज दाखवूनच देऊ!"

डोया लवत नाही त सारी गल्ली रिकामे हंडे बडवत माह्याच ओट्यापुढं! अन् पाह्यतात त काय, नळ धो धो वाहून राह्यला.

हंडे थांबले.

"मैनाबाई," विमलताई म्हने, "हा पक्ष लय ओला दिसते!"

तेवढ्यात अर्पिता बाहेर आली. पोट्टी हुशार, पन लबाडी शिकवाची राह्यली ना! थिनं साऱ्याइले समजावूनच सांगतलं, न पुढं प, ळ पुढं क्ष. खरं सांगतो, कमरेवर हंडे घेऊन साऱ्या बोटं मोजून राह्यल्या. भुरीबाई एकदम किंचाळली, "अवो! गायची घार झाली वं!" कोनी आभायाकडे पाहे, कोनी भुरीबाईच्या गाईकडे. देवळात बी एवढी शांतता मी कधी ऐकली नाही. माह्या नातीनं जसा काही चंद्रच खाली उतरवून ठेवला!

मंग चंद्र पाहून झाल्यावर साऱ्याइनं हंडे भरले, घरी जाऊन मोटरी लावल्या. माही धार शेवईवानी झाली. पदरात पडली एक बकेट.

दुसऱ्या दिवशी पाहुने हजर! व्याही पुंडलिकराव आधी न्हानीत घुसले, अन् भजन म्हनत म्हनत सारी बकेट रिकामी करून आले. विहीनबाई खांद्यावर टावेल टाकून बसलेल्या. रजनी माह्याकडे अशी पाहे, का मी नजर छतावर नेऊन ठेवली. पानी मागाले कोनाच्या दारी जाऊ? कालच त साऱ्या गल्लीसमोर पकडल्या गेलती! मी गुमान ओट्यावर येऊन बसली.

अन् खराखुरा पक्ष आला! जीप, हार, भोंगा! भोंगा गरजला, "मायबहिनींनो, पक्ष तुमच्या दारात आला आहे!"

"पक्ष आला वं, पक्ष आला!" विमलताई वरडली, अन् साऱ्या बाया घरात पयाल्या. घुर्रर्र! गल्लीतल्या साऱ्या मोटरी सुरू! नेता हात जोडून रस्त्याच्या मधात उभा, सामोरं काळं कुत्रं नाही. चारी अंगानं कोरडे नळ हवा ओढून राह्यले. गुडघ्यापायी मलेच तेवढं पयता आलं नाही.

नेता सिधा येऊन माह्या पाया पडला. "माय, लोकं इतके नाराज काहून? काय पाह्यजे थे सांगा. आजच्या आज करतो!"

आता पाहा, एवढा मोठा मानूस वाकलेला, सारी गल्ली पान्यावाचून तडफडून राह्यली, अन् माह्या तोंडातून निघालं काय?

"भाऊ, आमच्या विहीनबाईची आंघोळ राह्यली!"

मांगच्या कार्यकर्त्यानं थे लिहून बी घेतलं बाप्पा!