दामूअण्णांची बंगली

दामूअण्णा शेटे विजेची चव घेऊन पाहत. आपण आमटीची घेतो तशी. बॅटरीच्या दोन टोकांना दोन तारा लावायच्या, तारांची उघडी तोंडं जिभेवर टेकवायची, डोळे मिटायचे आणि निकाल द्यायचा, "मचूळ आहे. अजून चार्ज पाहिजे." हा प्रकार मी पहिल्यांदा पाहिला तेव्हा चिंचवडला बिऱ्हाड थाटून मला आठवडाही झाला नव्हता. शेजारी वेडा निघाल्यास घरमालक आगाऊ भाडं परत करतो का, एवढीच चिंता मला पडली.

"घ्या, तुम्हीपण बघा," असं म्हणून त्यांनी तारा माझ्यापुढे धरल्या.

"नको, आत्ताच जेवलोय," मी म्हणालो.

"विज्ञान आहे राव, थट्टा नाही," असं सुनावून त्यांनी पुन्हा जीभ बाहेर काढली.

हे वाक्य त्यांच्या तोंडी दिवसातून निदान दहा वेळा येई. कारखान्याच्या स्टोअरमध्ये ते माझ्या शेजारच्या टेबलावर बसत. खिळे मोजून देणं आणि परत आलेले खिळे मोजून घेणं, हे त्यांचं विज्ञानाशी अधिकृत नातं. त्या वेळी चिंचवड म्हणजे ज्वारीच्या रानात अधूनमधून उगवलेली धुरांडी. कारखान्यात वीज अहोरात्र खेळायची आणि त्याच कारखान्यातल्या माणसांच्या पत्र्याच्या खोल्यांत कंदील भगभगायचे. दामूअण्णांना हा स्वतःचा अपमान वाटे. मात्र त्यांनी खोलीत वीज आणली नाही. खोली तशीच ठेवली आणि वीज लावायला दुसरंच घर आणलं.

युद्ध संपल्यावर लष्कराचं भंगार ठिकठिकाणी लिलावात निघत होतं. लोक ताडपत्र्या घेत, जेरीकॅन घेत. दामूअण्णांनी राहता ट्रेलर घेतला. दोन चाकांवर ठेवलेली लोखंडी खोली. आत समोरासमोर दोन बाकडी, एक खिडकी, एक फळी. कुठल्याशा साहेबाने त्यात बसून लढाई केली असावी. तो ओढायला दामूअण्णांकडे मोटार नव्हती, बैल नव्हते, इतकंच काय, स्वतःची सायकलसुद्धा पंक्चर होती. बाभळीखाली आणून ठेवलेला तो हिरवा डबा बघायला आमचे घरमालक आले. त्यांनी दोन प्रदक्षिणा घातल्या आणि विचारलं, "अण्णा, ह्यो गाडा हाय का खोली?"

"बंगली आहे," दामूअण्णा म्हणाले. "जाईल तिथे आपलं घर. ना कुणाचं मिंधेपण, ना कुणाची वीज."

"आन् वडणार कोन?"

"ते पुढे बघू. आधी वायरिंग."

बंगलीत सहा व्होल्टची एक बॅटरी आणि छताला एक दिवा होता. त्याच्या उजेडात दिवा कुठे आहे एवढं दिसे. दामूअण्णांनी एके दिवशी घोषणा केली, "बारा व्होल्ट करायचं!" पिंपरीला मुंबई-पुणे रस्त्यावर करीमभाईंचं बॅटरीचं दुकान होतं. तिथून त्यांनी दुसरी तसलीच बॅटरी आणली आणि एकीचं शेपूट दुसरीच्या तोंडाला जोडलं. "सहा नि सहा बारा. शाळेतले पाढे इथे उपयोगी पडतात, वामनराव." मग चार दिवे आले, पंखा आला आणि एक रेडिओ आला. तो फक्त खरखरायचा, पण खरखर मात्र अगदी स्वच्छ ऐकू यायची. ही सगळी वरात त्यांनी साहेबाच्या जुन्या, केसाएवढ्या तारेवर चढवली. फ्यूजच्या जागी तारेऐवजी आक्काच्या केसातला आकडा.

आक्का म्हणजे दामूअण्णांची थोरली बहीण, ताराआक्का. ऐन विशीत विधवा होऊन ती भावाकडे आली आणि तिथेच राहिली. दामूअण्णांनी लग्न केलं नाही. आक्का म्हणायची, "मी त्याला म्हटलं, बायको आण. त्याला ऐकू आलं, बंगली आण."

पहिल्याच दिवशी चारही दिवे लागले, पंखा फिरला आणि भिंतीतून धूर निघाला. आक्का सोवळ्यातल्या पापडांची पाटी घेऊन बाहेर पळाली. दामूअण्णा आतच राहिले. धुरातून त्यांचा आवाज आला, "घाबरू नका! वायरिंगमध्ये काही दोष नाही!"

करीमभाईंना बोलावणं गेलं. त्यांनी तो धुराने काळा पडलेला आकडा चिमटीत धरून उजेडात पाहिला. "अण्णा, फ्यूज जळायलाच असतो. जो जळत नाही तो फ्यूज नाही, खिळा आहे. तार जळाली, आकडा शाबूत. उद्या घर जळेल, आकडा शाबूत राहील."

मग महिनाभर नवी, जाड तार भिंतींवरून फिरली. प्रत्येक दिव्याला वेगळी वाट, प्रत्येक वाटेला खरा फ्यूज आणि सगळ्यांच्या मुळाशी एक भलंमोठं पितळी बटण. ते खाली केलं की 'टक्क' असा आवाज येई आणि बंगली झगमगे. मी ते पाचपन्नास वेळा तरी खालीवर केलं असेन. आमच्या वस्तीतलं सर्वांत गुणी बटण होतं ते.

आता बॅटऱ्या भरायच्या कशा? करीमभाई म्हणाले, माझ्या जीपवरून भरून देतो. दामूअण्णा ताठ झाले. "उसनी वीज नको." त्यांनी भंगारातून मोटारीचा डायनमो आणला, सायकलचं मागचं चाक उचलून स्टँडवर ठेवलं आणि दोघांमध्ये पट्टा चढवला. पायडल मारायचं, वीज भरायची. पहिला मान अर्थात शेजाऱ्याचा.

मी घाम गळेपर्यंत पाय मारले. थकून पाय काढून घेतले, तर चाक फिरतच राहिलं. मी बघतोय, दामूअण्णा बघताहेत आणि चाक थांबायचं नाव घेईना. बॅटरीत मी भरलेली वीज उलटी डायनमोत येत होती आणि डायनमो आता सायकल चालवत होता. हे मला नंतर कळलं. त्या क्षणी एवढंच कळलं, की माझ्या पायजम्याचा उजवा पाय चाकात गेला आहे आणि उरलेला पायजमा त्याच्यामागे निघाला आहे.

"चमत्कार!" दामूअण्णा ओरडले.

"पायजमा!" मी ओरडलो.

करीमभाईंनी मध्ये कटआउट नावाची डबी बसवली, तेव्हा वीज एकाच दिशेने जायला शिकली. त्यानंतर अण्णांकडे कुणीही गेलं, तरी आधी सायकलवर बसावं लागे. पाय मारल्याशिवाय चहा मिळत नसे. परिणामी त्यांच्याकडे येणारे पाहुणे कमी झाले आणि उरलेल्यांच्या पोटऱ्या भरल्या.

एवढं सगळं झालं, पण बंगली बाभळीखालून हलली नव्हती. लोक विचारत, "अण्णा, निघणार कधी?" अण्णा म्हणत, "बोलावणं आलं की." कुणाचं बोलावणं, ते सांगत नसत.

वैशाखात बोलावणं आलं. चाकणला त्यांचे चुलतभाऊ बापूसाहेब कांद्याचा व्यापार करत. त्यांच्या मुलीचं, सुमनचं लग्न होतं. दामूअण्णांनी करीमभाईंसकट त्यांची जीप ठरवली, मला सायकलचं 'इंजिन' म्हणून बरोबर घेतलं आणि आम्ही निघालो. मोशीच्या पुलावर पोरं मागे धावली, समोरून येणारे बैल बुजले. आक्का आत बाकड्यावर बसून खिडकीतून सगळ्या जगाला नावं ठेवत होती. इतकी खुशीत मी तिला कधी पाहिली नव्हती.

बापूसाहेबांच्या घरामागच्या खळ्यावर बंगली उभी राहिली. बापूसाहेब धावत आले. "अरे दामू, एवढं घर असताना हे काय? लोक काय म्हणतील?"

"म्हणतील, पाहुणे घर घेऊन आले," अण्णा म्हणाले आणि बॅटरीचं पाणी बघायला वाकले.

बापूसाहेब गेल्यावर मीही तेच विचारलं, पण आक्काला. ती स्टोव्हला पंप मारत होती. "त्याच्या थोरल्या मुलाच्या लग्नात आम्ही घरातच उतरलो होतो रे वामन," ती सहज म्हणाली. "मला कांद्याच्या खोलीत जागा दिली. पांढरं कपाळ पुढे पुढे नको म्हणून. दोन दिवस डोळ्यांतून पाणी. बायकांना वाटलं रडतेय. एकीने तर येऊन समजूतसुद्धा घातली. म्हटलं, बाई, आधी कांदे हलव." ती हसली. दामूअण्णांची पाठ आमच्याकडे होती. ते वाकलेलेच राहिले. बॅटरीत इतका वेळ बघण्यासारखं पाणी नसतं.

लग्न गोरज मुहूर्तावर होतं. मांडवात दोन ग्यासबत्त्या टांगल्या होत्या. वर बोहल्यावर आला आणि तेवढ्यात वावटळ उठली. मांडवाची कनात उडाली, एका बत्तीची जाळी झडून राख झाली. दुसरीला पंप मारायला बापूसाहेबांचा थोरला जावई चढला. त्याने इतक्या उत्साहाने पंप मारला, की दांडाच हातात आला. पश्चिमेचा उजेड भराभर ओसरू लागला. भटजी पोथी नाकाला लावून म्हणाले, "मला वधू कोणती तेही दिसत नाही."

बापूसाहेब खळ्यावर आले. मघाचा तोरा कुठच्या कुठे गेला होता. "दामू, तुझे ते दिवे..."

दामूअण्णा तयारच होते. मी, ते आणि करीमभाई कामाला लागलो. बंगलीतले चारही दिवे उतरवले, जाड तार खळ्यावरून मांडवात ओढली, पितळी बटणाची पाटी बोहल्याशेजारच्या खांबाला बांधली. मी बटणाकडे हात नेला, तर दामूअण्णांनी तो मधेच धरला.

"थांबा," ते बापूसाहेबांकडे वळून मोठ्याने म्हणाले. "एक अडचण आहे. या बटणात दोष आहे. खाली राहत नाही. दाबून धरावं लागतं, लग्न लागेपर्यंत. आणि त्याची खुबी फक्त आक्काला माहीत आहे."

मी तोंड उघडलं. करीमभाईंनी माझ्या पायावर पाय दिला.

बापूसाहेब घुटमळले. मागे बायकांत कुजबुज झाली. "दुसऱ्या कुणाला दाखव ना, दामू. आमची मंडळी..."

"धरा की तुम्ही," दामूअण्णा शांतपणे म्हणाले. "पण झटका बसला तर मला बोलायचं नाही. विज्ञान आहे राव."

कुणीही पुढे झालं नाही. अंधार मात्र होत होता. अखेर बोहल्यावरून सुमनच म्हणाली, "आत्याला बोलवा ना! मला काही दिसत नाहीये."

आक्का आली. डोक्यावर पदर घट्ट ओढून, खालच्या मानेने. दामूअण्णांनी तिचा हात बटणावर ठेवला. "दाब," ते म्हणाले, "आणि सोडू नको."

टक्क!

सगळा मांडव एकदम 'हाऽऽ' म्हणाला. चार दिवे, पण कंदिलाला सरावलेल्या डोळ्यांना ते चाळीस वाटले. मंगलाष्टकं सुरू झाली. आक्का बोहल्याला खेटून, दोन्ही हातांनी ते बटण धरून उभी होती. आपण सोडलं तर लग्न विझेल, असा चेहरा. अक्षता पडल्या, त्यातल्या पुष्कळशा तिच्याही डोक्यावर पडल्या. दामूअण्णा मांडवाच्या टोकाला, कनातीच्या दोऱ्या धरून उभे होते. स्वतःच्या वायरिंगमध्ये दोष आहे, असं त्या माणसाने कबूल केलेलं मी आयुष्यात तेवढं एकदाच ऐकलं, आणि तेही धडधडीत खोटं होतं.

दुसऱ्या दिवशी सकाळी वऱ्हाड निघायच्या गडबडीत सुमन हळूच खळ्यावर आली. हिरवा चुडा, रडून सुजलेले डोळे. "आत्या, तुझा पंखा बघायचाय."

"ये," आक्का दारात आली. क्षणभर ती थबकली, काय बोलावं ते आठवत असल्यासारखी. मग म्हणाली, "ये, बस. चहा टाकते. आत येताना डोकं सांभाळ गं, माझ्या घराचं दार बुटकं आहे."

दोघी आत गेल्या. पंखा सुरू झाला. स्टोव्ह फरफरला. चहाच्या आशेने मीही निघालो, तर दामूअण्णा चाकापाशी उकिडवे बसलेले दिसले. हातात हत्यार नाही, चाकाला काही झालेलं नाही.

"काय बिघडलं?" मी विचारलं.

"काही नाही. बसा जरा इथेच," ते म्हणाले. नाक ओढलं, खांद्यावरच्या पंच्याने तोंड पुसलं. "आक्काकडे पाहुणी आलीये. आपण कशाला आत गर्दी करायची?"